लोकमान्य नगरच्या काकूंचं घरगुती पॉमेरेनियन केनल, इंदूर: माझा अडीच वर्षांचा अनुभव

इंदुरात पॉमेरेनियन कुत्रा पाळायचाय, डॉग शो करायचाय, पुढेमागे ब्रीडिंगही करायचंय असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मी स्वतः आधी चुकीच्या दारात गेले होते. काकूंनी नाव आणि नंबर असा उघड टाकू नकोस म्हणून बजावलंय, त्यांना रोज "टीकप मिळेल का" (म्हणजे अगदी कपात मावेल एवढा बारका कुत्रा) विचारणारे फोन येतात आणि ते त्यांना नको असतात, म्हणून नाव लिहीत नाही. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला मेसेज करा, मी त्यांना विचारून देईन.

आधी ते चुकीचं दार सांगते. २०२१ च्या दिवाळीत आम्ही शहरातल्याच एका विक्रेत्याकडून पांढरं पिल्लू घेतलं, "मैडम ओरिजिनल टीकप है, दो किलो से ऊपर नहीं जाएगा" असं त्यानं तीनदा सांगितलं, ₹१८,००० घेतले आणि सोबत एक झेरॉक्स दिली जिच्यावर आईबापाची नावं सोडून काही धड वाचता येत नव्हतं. तो आमचा बबड्या. वर्षभरात साडेसात किलोचा झाला. त्यात पहिल्याच मे महिन्यात एका पार्लरवाल्यानं "उन्हाळा आहे, बरं वाटेल त्याला" म्हणून मशीन फिरवून अगदी कातडीपर्यंत केस काढले आणि पाठीवरचे केस पुढे दीड वर्ष नीट आलेच नाहीत, मध्येमध्ये टक्कल. त्या पार्लरवाल्याला साधं हे माहीत नव्हतं की या कुत्र्यांना दोन थर असतात, आतली मऊ दाट लव आणि वरचे लांब ताठ केस, आणि तो कोटच ऊन पण अडवतो. कधीकधी मशीन फिरवलेला कोट परत पूर्वीसारखा येतच नाही.

तर जानेवारी २०२३ मध्ये ओळखीतून पत्ता मिळाला आणि मी बबड्याला घेऊन काकूंकडे गेले. जुनं बैठं घर, पुढे तुळस, आत एक खोली फक्त कुत्र्यांची, फरशी लखलखीत आणि वास अजिबात नाही, हे मुद्दाम सांगते कारण ज्या घरी आठ कुत्री आहेत तिथे वास नसणं म्हणजे कोणीतरी पहाटे पाचला उठून काम करतंय. काकूंनी बबड्याला मांडीवर घेतलं, कान उचलून बघितले, तोंड बघितलं, पाय चाचपले आणि म्हणाल्या, "हा स्पिट्झ आहे गं, इंडियन स्पिट्झ. छान आहे. याला जपून ठेव." मग त्यांनी समजावलं की आपल्याकडे लहानपणी घरोघरी जे पांढरे 'पामेरियन' असायचे ते बहुतेक सगळे हेच, इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथल्या हवेत तयार झालेले, तोंड लांबट, अंगानं मोठे, ऊन सोसणारे. कुत्रा म्हणून बबड्या लाखात एक आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच, ज्या नावानं पैसे घेतले त्याबद्दल आहे.

मी म्हटलं काकू मला एक चांगली फीमेल द्या, मला ब्रीडिंग सुरू करायचंय. त्या म्हणाल्या, "नाही देणार." असं तोंडावर. मग प्रश्न विचारले, दुपारी घरी कोण असतं, तुमच्याकडे जिना आहे का, मदतीला रात्री कोण उठेल, आणि शेवटचा, पिल्लू हातात मेलं तर काय करशील. मला राग आला होता खरं सांगायचं तर. घरी येऊन ह्यांना म्हटलं कसली बाई आहे ही, पैसे द्यायला तयार आहोत तरी नाही म्हणते. पण निघताना त्या म्हणाल्या होत्या, "रविवारी सकाळी ये, हात रिकामा घेऊन ये, ब्रश माझ्याकडे आहेत," आणि मी गेले, आणि मग सात रविवार नुसते ब्रशिंगमध्येच गेले.

हे ब्रशिंग कसं ते लिहिते कारण इंदुरात मला दुसऱ्या कोणी हे असं दाखवलं नाही. कुत्र्याला टेबलावर आडवं झोपवायचं, डाव्या हातानं केस वरच्या बाजूला दाबून धरायचे म्हणजे खाली कातडीची पांढरी रेघ दिसते, त्या रेघेवर स्प्रेनं अगदी थोडं पाणी, आणि मग त्या रेघेतून केसांची एकच पातळ ओळ मुळापासून टोकापर्यंत ब्रशनं खाली सोडायची. मग बोटभर वर सरकायचं, परत रेघ, परत पाणी. कोरड्या केसांवर ब्रश मारायचा नाही, केस तुटतात. वरवर ब्रश मारला की बाहेरून कुत्रा फुललेला दिसतो आणि आत कातडीजवळ गुंता होऊन नमदा झालेला असतो, विशेषतः कानामागे आणि पुढच्या पायांच्या काखेत. मागच्या पायांच्या लांब केसांना काकू सोगा म्हणतात, "सोगा नीट काढ गं," आणि खरंच ते नऊवारीच्या सोग्यासारखेच दिसतात. पहिल्या रविवारी मला एका कुत्र्याला सव्वा तास लागला. आता पंचवीस मिनिटं लागतात.

ब्रश करता करता त्या जे बोलायच्या ते मी घरी येऊन वहीत लिहायचे. टीकप नावाचा प्रकारच नाही हे पहिलं. एफसीआय या कुत्र्यांच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टँडर्डमध्ये पॉम (पॉमेरेनियन) म्हणजे जर्मन स्पिट्झच्या घरातला सगळ्यात छोटा, खांद्यापर्यंत उंची १८ ते २४ सेंमी. ब्रिटनच्या केनल क्लबनं वजन दिलंय नराला १.८ ते २ किलो आणि मादीला २ ते २.५ किलो, म्हणजे मादी नरापेक्षा जड असावी, काकू म्हणतात पोटात पिल्लं तिला ठेवायची असतात मग ती अंगानं कशी बारीक असून चालेल. किलोभराची मादी जो "टीकप" म्हणून विकतो आणि वर हिच्यापासून पिल्लं घ्या म्हणतो तो तिच्या जिवाशी खेळतो. फॅन्सी रंगाचं पण तसंच, दोन मर्ल (फिक्या-गडद डागाडागांच्या कोटाचे) एकमेकांना लावले तर आंधळी बहिरी पिल्लं होऊ शकतात. काकूंकडे फक्त ऑरेंज आणि ऑरेंज सेबल (नारिंगी केसांना काळी टोकं) आहेत, पांढरा हवा असेल तर इथे मिळणार नाही.

आणि एक गोष्ट मला फार आवडली ती राणी व्हिक्टोरियाची. हे कुत्रे मूळचे बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया भागातले, आता तो जर्मनी आणि पोलंडमध्ये वाटला गेलाय, आणि पूर्वी हे चांगले मोठे असायचे. १८८८ मध्ये राणीनं इटलीत फ्लॉरेन्सला मार्को नावाचा एक लहान पॉम घेतला, साधारण साडेपाच किलोचा, तो शोमध्ये गाजला आणि मग लहान आकाराची आवड पसरली. म्हणजे राणीचा 'लहान' पॉमसुद्धा आजच्या दुप्पट तिप्पट होता. हे ऐकल्यावर बबड्याकडे बघायची माझी नजर बदलली.

जून २०२३ मध्ये काकूंनी मला तीन महिन्यांचा नर दिला, लाडू. ₹४५,०००, केनल क्लब ऑफ इंडियाचे पेपर, मायक्रोचिप, लसीकरणाचं पुस्तक, आणि एक हातानं लिहिलेला कागद ज्यावर लिहिलंय की कुठल्याही वयात कुठल्याही कारणानं कुत्रा नको झाला तर तो काकूंकडेच परत यायचा. पाचव्या महिन्यात लाडूचे केस गळायला लागले, तोंड माकडासारखं, पाय काड्या, शेजारच्या वहिनी विचारायला लागल्या याला काही रोग झालाय का. माझी झोप उडाली. काकूंनी आपल्या जुन्या कुत्र्यांचे पाच सहा महिन्यांचे फोटो काढून समोर ठेवले, सगळे तसेच! चार ते सहा महिन्यांत पिल्लाचा कोट झडतो आणि मोठ्याचा यायला वेळ लागतो, तेवढं थांबायचं, तेल शाम्पू पावडर काही चोपडायचं नाही. डिसेंबरपर्यंत लाडूचा कोट भरला.

त्याच डिसेंबरात भोपाळला शो होता. आम्ही पहाटे साडेतीनला निघालो, लाडू क्रेटमध्ये, सोनकच्छला थांबून चहा, काकू मागच्या सीटवर स्वेटर शाल घालून आणि मांडीवर ग्रूमिंगची पेटी. रिंगमध्ये काय होतं ते आधी माहीत असेल तर निम्मी भीती जाते. पॉमसारख्या लहान कुत्र्याला जज टेबलावर तपासतो, दात बघतो, केसांच्या आत हात घालून खरं अंग किती आणि फुगवटा किती ते चाचपतो, नर असेल तर दोन्ही अंडकोष उतरलेत का ते बघतो, मग तुम्ही त्याला सरळ चालवत न्यायचं आणायचं, मग त्रिकोणात. काकूंनी मला सहा महिने गच्चीवर खडूनं त्रिकोण आखून चालवलं होतं, पट्टा हातात गोळा करून धरायचा, बोटातून लोंबकळू द्यायचा नाही, आणि आपण जज आणि कुत्र्याच्या मध्ये यायचं नाही. त्या दिवशी हात थरथरत होते पण पाय बरोबर पडले. आमच्या क्लासमध्ये तीन होते, लाडू दुसरा आला. जज म्हणाले चाल सुंदर आहे, शेपूट पाठीवर छान पडते, पाठ जराशी लांब आहे.

येताना गाडीत मी काकूंना विचारलं, पाठ लांब आहे हे तुम्हाला माहीत होतं का. "माहीत होतं की. तुला शिकायला शांत कुत्रा हवा होता, हा माझ्याकडचा सगळ्यात शांत." मी बराच वेळ काही बोलले नाही. मग आष्ट्याच्या आसपास म्हटलं, बरं झालं सांगितलंत. लाडूच्या गुडघ्याची वाटी पुढे चौदा महिन्यांचा असताना तपासली तर एका पायात ग्रेड एक निघाली (० ते ४ अशी ग्रेड असते, ० म्हणजे जागेवर घट्ट), पॉममध्ये ही वाटी सरकायची तक्रार खूप असते, आणि काकूंनीच डॉक्टरांना फोन करून त्याचं नसबंदीचं ऑपरेशन ठरवलं. स्वतःच्या घरच्या रक्ताबद्दल "हे पुढे न्यायचं नाही" म्हणायला मोठं मन लागतं. विकणारे खूप आहेत, हे म्हणणारे मी तरी दुसरे पाहिले नाहीत.

शोहून आल्यावर आठवडाभरात त्यांचा फोन आला, "केशरला घेऊन जा." केशर वर्षाची होत आलेली मादी, दोघींच्या नावावर. इथे मी एक हट्ट केला तो सांगते, काकू सगळं तोंडी ठरवतात, पहिलं पिल्लू कोणाचं, खर्च कोणाचा, आणि मला ते खटकलं, मी म्हटलं काकू लिहून घेऊया. त्यांना जरा लागलं असावं पण लिहून दिलं, आणि पुढे त्या कागदामुळेच दोघींना बरं पडलं. तुम्हीही लिहून घ्या.

केशरला लगेच क्रॉस केलं नाही. कायदा आहे, २०१७ चे डॉग ब्रीडिंगचे नियम, राज्याच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे नोंदणी हवी, मादी अठरा महिन्यांच्या वरची हवी, आठ वर्षांनंतर नाही, सलग दोन हीटमध्ये (माजात) नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. काकूंचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये आहे. आमचं नोंदणीचं काम होईपर्यंत त्यांनी एक हीट तशीच जाऊ दिली. त्या स्वतः तीनच वेतं घेतात आणि मग मादीचं ऑपरेशन करून ती त्यांच्याच सोफ्यावर म्हातारी होते, चार म्हाताऱ्या आत्ता तिथे आहेत, जाल तेव्हा भेटतील. क्रॉसच्या आधी केशरच्या दोन्ही वाट्या तपासल्या, हृदय ऐकलं, ब्रुसेला या संसर्गाची टेस्ट, आणि क्रॉसचा दिवस ठरवायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची टेस्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्रॉस झालं.

आता ती जानेवारीची रात्र. गाभणपणाचे दिवस साधारण ६३ असतात. छप्पन्नाव्या दिवशी एक्स-रे काढला, दोन डोकी दिसली, पॉमला एक ते तीनच पिल्लं असतात बहुतेक. सत्तावन्नाव्या दिवसापासून दिवसातून दोनदा ताप बघायचा, १०१ फॅरनहाइटच्या आसपास असायचा, बासष्टाव्या दिवशी दुपारी ९८.४ आला. असा उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. रात्री अकराला काका काकू स्कूटरवर आले, इंदूरची जानेवारीची थंडी म्हणजे तुम्हाला माहितीये, काकूंच्या हातात पिशवी, त्यात जुने टॉवेल, नाक ओढायचा रबरी फुगा, दोरा, कात्री, ग्लुकोज, आणि आमच्या आईंचा डाळ-तांदूळ मोजायचा डिजिटल काटा ओट्यावरून खोलीत आला. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं कारण पॉममध्ये सिझेरियन करावं लागणं काही नवलाचं नाही.

पहिलं एक चाळीसला, ११८ ग्रॅम, मादी, लगेच चिरचिरली. दुसऱ्याला दीड तास लागला, काकूंनी डॉक्टरांचा फोन लावून कानाशी धरलाच होता तेवढ्यात आलं, पण हालचाल नाही. काकूंनी फुग्यानं नाक तोंड साफ केलं, टॉवेलमध्ये धरून पाठ चोळत राहिल्या, चोळत राहिल्या, हेलकावे अजिबात दिले नाहीत (जुने लोक देतात, त्यानं डोक्याला इजा होऊ शकते), किती मिनिटं गेली कळलं नाही आणि मग एकदम एक बारीक श्वास. ७४ ग्रॅम. नर. आई दारात उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले.

मग रोज दोनदा वजन. जन्मलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पहिला आठवडा त्या पेटीत ३० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतं, गार पिल्लाला दूध पाजायचंसुद्धा नाही, आधी ऊब मग दूध. मोठीचे आकडे ११८, १२६, १३९. धाकट्याचे ७४, ७४, ७१. मला बघून तो बराच दिसत होता, आईला लागत होता, थोडं दूध आम्ही नळीनंही देत होतो. मी फोनवर ७१ म्हटलं तर काकू गप्प झाल्या आणि म्हणाल्या मी येते. त्या आल्या, डॉक्टरांकडेही नेलं, आणि तिसऱ्या रात्री तो माझ्या हातावर गेला. काकूंनी दोन वर्षांपूर्वी विचारलेला तो प्रश्न तेव्हा मला आठवला. त्या काही बोलल्या नाहीत, चहा केला, केशरचं आणि मोठीचं वजन घेतलं, वहीत लिहिलं आणि पहाटेपर्यंत बसून राहिल्या. याचा त्यांनी एक रुपया घेतला नाही, विचारलं तर रागावल्या.

जे धंदा म्हणून याकडे बघतायत त्यांच्यासाठी, या एका वेतात आमचे टेस्ट, एक्स-रे, औषधं, पेटी, हीटर धरून ₹२३,००० च्या वर गेले आणि विकायला एकही पिल्लू नव्हतं. चिंगी, म्हणजे ती ११८ ग्रॅमवाली, आमच्याचकडे आहे. काकूंनी तिला टेबलावर उभं केलं, पाठ बघितली, आणि फक्त "हं" म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना बघितलं.

आता ज्या गोष्टी लोकांना आवडणार नाहीत त्या. पिल्लासाठी थांबावं लागतं, माझ्या मैत्रिणीला चौदा महिने सांगितलेत. मेसेजला उत्तर येत नाही. बोलणं कडक आहे, फीमेल मागितली की नाहीच म्हणणार, वाईट वाटून घेऊ नका. केनल क्लबच्या ऑनलाइन फॉर्मचं त्यांना जमत नाही, ते काम त्यांचा मुलगा सुट्टीत आला की करतो, त्यामुळे लाडूचे पेपर माझ्या नावावर व्हायला उशीर झाला. गल्लीत गाडी वळत नाही, बाहेर लावून चालत जा. हँडलिंग (शोमध्ये कुत्रा चालवणं, उभा करणं) शिकवायचे तासाला ₹३०० घेतात, ग्रूमिंग फक्त रविवारी सकाळी ₹६०० मध्ये, त्यात कान, नखं आणि पायाचे केस गोल कापणं सगळं येतं, बबड्याचा कोट पण त्यांनीच आठ महिन्यांत परत आणला. पट्टा गळ्याचा घालून नेलात तर आधी ओरडा खाल, यांची श्वासनळी नाजूक असते, छातीचा हार्नेस घालून न्या.

फोन सकाळी दहा ते एकमध्येच करा. घरी आधीचा कुत्रा असेल तर त्याचं लसीचं पुस्तक सोबत न्या, आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणू रोगाच्या भीतीनं त्या दारातच चपला काढायला लावून हातपाय धुवायला लावतात, नळ तुळशीच्या उजव्या बाजूला आहे.